शेऱ्याचा रकाना

कोर्टात कुठल्याही खिडकीवर उभे राहा, पहिला प्रश्न एकच: नंबर काय? नावगाव नंतर. वकिलांकडे कारकुनी करून करून माझंही तसंच झालंय. माणसांची तोंडं विसरतो, दाव्यांचे नंबर लक्षात राहतात. २०१४ च्या जूनमध्ये भोरकडच्या एक मावशी आमच्या पुण्याच्या ऑफिसात आल्या, तेव्हा मीही सवयीने तेच विचारलं.

"नंबर असता तर तुमच्याकडं कशाला आले असते?" मावशी म्हणाल्या.

त्यांचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. निवृत्तीला आठ-नऊ महिने राहिले असताना सकाळी आंघोळीला गेले आणि तिथेच कोसळले. दिवसकार्य आटोपून मावशी कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन कार्यालयात गेल्या, तर टेबलावरच्या बाबूने सेवापुस्तक उघडून दाखवलं. १९८१ साली भरलेल्या नामनिर्देशनात पत्नी म्हणून दुसऱ्याच बाईचं नाव. मास्तरांचं आधी एक लग्न झालं होतं, हे मावशींना ठाऊक होतं. ते मोडलं, कोर्टात काडीमोड झाला, मग आपल्याशी लग्न झालं, एवढंही ठाऊक होतं. पण चोवीस वर्षांत मास्तरांनी ते नाव बदलून घेतलं नव्हतं. शाळेतल्या पोरांना फॉर्म नीट भरा म्हणून दटावणारा माणूस! बाबूने सांगितलं, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची कोर्टाच्या सहीशिक्क्याची नक्कल आणा, नाहीतर कागद पुढे सरकणार नाहीत.

मागणी वावगी नव्हती, हे मला कबूल करावं लागेल. निवृत्तिवेतन नियम १९८२ चे, त्यातल्या ११६ व्या नियमाने पैसे विधवेला मिळतात, आणि विधवा म्हणजे कायद्याने पत्नी असलेली बाई. पहिलं लग्न मोडायच्या आधी दुसरं लागलं असेल तर ते दुसरं लग्नच नव्हे. फक्त बाबूने हे ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज मावशींनी आमच्यापुढे करून दाखवला. तो इथे लिहिता येत नाही.

हिंदू विवाह कायद्यात एक पोटकलम आहे, २३ (४). घटस्फोट मंजूर झाला की कोर्टाने हुकूमनाम्याची एक प्रत दोघांनाही फुकट द्यायची. म्हणजे मास्तरांना ती मिळालेली असणार. मावशींनी सगळं घर उपसलं होतं. प्रत काही सापडली नाही. पत्र्याच्या ट्रंकेत विम्याच्या पॉलिसीबरोबर प्लास्टिकच्या पाकिटात पेपरातलं एक कात्रण मात्र सापडलं. पिवळं पडलेलं, चार घड्यांचं. जाहीर नोटीस. तमुक राहणार तमुक हिने अमुक तारखेस हजर राहावे, न राहिल्यास अर्ज एकतर्फी चालवण्यात येईल. वर "हिंदू विवाह अर्ज क्र." आणि पुढे तीन आकडी नंबर, १९८७. त्या तीन आकड्यांतला शेवटचा नेमका घडीवर आला होता. तिथे कागद विरून आरपार भोक पडलेलं.

मी मावशींना म्हटलं, दोन आकडे आहेत ना, मग झालंच काम. दहा ओळी तर बघायच्यात.

आज कुणी हे वाचत असेल तर म्हणेल, मोबाइलवर का नाही बघितलं? मावशींच्या भाच्याने बघितलं होतं. आताच्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो टाकला की पुढची तारीखसुद्धा घरबसल्या कळते. पण १९८७ चा कागद हा रजिस्टरात आणि गठ्ठ्यात. तो शोधायचा तर धुळीत हात घालायला लागतो.

पहिली चक्कर मी कौटुंबिक न्यायालयात मारली, कारण मावशींच्या तोंडी "घटस्फोटाचं कोर्ट" असंच होतं. खिडकीवरचे भाऊसाहेब हसले. "अहो, आमचं कोर्टच १९८९ चं. सत्त्याऐंशीचा नंबर आमच्याकडे कसा असेल?" बरोबर होतं. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा, पण पुण्यात ते कोर्ट बसलं १९८९ साली. त्याआधी नवराबायकोचे अर्ज शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात, भाऊबंदकीच्या आणि बांधाच्या दाव्यांबरोबर एकाच छपराखाली चालायचे. एवढी वर्षं कोर्टात काढून मी हे विसरलो, ही माझी पहिली चूक.

शिवाजीनगरला अर्ज दिला, फी भरली, आणि तिसऱ्या दिवशी रजिस्टर समोर आलं. कापडी बांधणीचं, अंगापेक्षा पुठ्ठा जड. हात लावला की बोटांना विटकरी भुकटी लागायची. अशी रजिस्टरं लांबलचक असतात, एका प्रकरणाची ओळ डाव्या पानावर सुरू होऊन उजव्या पानाच्या टोकाला संपते. दहा ओळींतली आठवी ओळ मास्तरांची निघाली. शेवटचा आकडा ७. अर्जदार मास्तर, सामनेवाली ती पहिली बाई, गाव जुळलं, वकिलाचं नाव जुळलं. बोट सरकवत "निकालाची तारीख" या रकान्यात आलो. रकाना कोरा.

मी पुन्हा ओळ धरून बघितलं. वरच्या ओळीला तारीख होती, खालच्या ओळीला तारीख होती, मधे पांढरं.

तसाच ऑफिसात आलो आणि आमच्या वकील मॅडमना सांगितलं, अर्ज दाखल झाला पण निकालच लागलेला नाही. मावशी बाकावर बसलेल्या होत्या हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. त्यांनी काही विचारलं नाही. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पाच वाजताची एसटी हाय, निघते मी." मला वाटतं, त्यांच्या मनात त्या क्षणी पेन्शन नव्हती. चोवीस वर्षं आपण त्या घरात कोण म्हणून राहिलो, हा हिशेब चालला असणार.

त्या गेल्यावर मॅडमनी विचारलं, "शेऱ्यात काय होतं?"

"शेरा?"

"शेवटचा रकाना."

उजव्या पानाची कड वापराने आत वळून दुमडली होती. ती मी उलगडलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी रेकॉर्डरूमच्या दारात. तिथल्या रेकॉर्डकीपर साहेबांनी एक शब्दही न बोलता तेच रजिस्टर परत काढून दिलं, त्यांचे उपकार. कड नखाने सोडवली. आत तांबड्या शाईत, तिरप्या अक्षरात, फक्त चार शब्द: "कौटुंबिक न्यायालय, पुणेकडे वर्ग." खाली बारीक सही.

कौटुंबिक न्यायालयांच्या कायद्याचं आठवं कलम तेच सांगतं. कौटुंबिक न्यायालय ज्या दिवशी स्थापन होईल, त्या दिवशी जिल्ह्याच्या कोर्टात पडून असलेली तसली सगळी प्रकरणं आपोआप तिकडे जातात. मास्तरांचा अर्ज १९८७ ला शिवाजीनगरला दाखल झाला, मधल्या दोन वर्षांत समन्स, तारखा, पेपरात नोटीस यातच रेंगाळला आणि १९८९ ला गठ्ठ्यात बांधून नव्या कोर्टात गेला. तिथे त्याला नवा नंबर पडला. म्हणून नव्या कोर्टाला जुना नंबर माहीत नाही आणि जुन्या कोर्टाला निकाल माहीत नाही. दोघांचंही बरोबर होतं.

मग तेच भाऊसाहेब, तीच खिडकी. या वेळी मी वर्ग होऊन आलेल्या प्रकरणांचं रजिस्टर मागितलं. भाऊसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आता आलात बघा रस्त्यावर." अर्ध्या तासात नवा नंबर हातात होता.

नंबर मिळाला म्हणून नक्कल मिळत नाही. घटस्फोटाचा पक्षकार मास्तर आणि ती पहिली बाई. मावशी त्यात कुणीच नाहीत, कोर्टाच्या लेखी त्या तिऱ्हाईत. आणि नवराबायकोची ही प्रकरणं बंद दाराआड चालतात, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे छापायचीही सोय नाही. कुणी चौकस शेजारी येऊन नक्कल मागेल, तर देणार का? त्यामुळे प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला, कार्यालयाचं पत्र असं सगळं जोडून अर्ज केला आणि न्यायाधीशांपुढे ठेवला. मॅडम दोन मिनिटं बोलल्या. न्यायाधीशांनी मावशींना एवढंच विचारलं, "दुसरं काही कारण नाही ना?" मावशींनी मान हलवली. परवानगी मिळाली.

फाइल निघायला आठवडा गेला. निघाली तेव्हा मी चक्रावलो. दोन वर्षांहून जास्त चाललेलं प्रकरण, आणि लाल फडक्यातून निघाले जेमतेम पाच-सहा कागद. बाकीचे मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट केलेले. कोर्टात प्रत्येक कागदाचं आयुष्य ठरलेलं असतं. निकालपत्र आणि हुकूमनामा सगळ्यांत दीर्घायुषी. बाकी कोण कोणाला काय बोललं, का नांदली नाही, कोणी मारलं, कोणी उपाशी ठेवलं, ते सगळं गेलं. राहिलं एवढंच, की सामनेवाली नोटीस प्रसिद्ध होऊनही हजर झाली नाही, सबब अर्ज एकतर्फी मंजूर. पेपराच्या आतल्या पानावरची ती बोटभर नोटीस तिने खरंच वाचली असेल का, हा विचार तेव्हाही आला, आताही येतो. तिला वाचता येत होतं का, हेसुद्धा कागदावर नव्हतं.

मी आधी तारीख बघितली. २० एप्रिल १९९०.

मावशी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी काही न बोलता पिशवीतून लग्नपत्रिका काढली, कोपऱ्याला हळदीचा डाग असलेली. रविवार, दि. ६ मे १९९०. मी बोटांवर मोजलं. सोळा दिवस. सुटलो म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं, तेव्हा अपिलाची मुदत तीस दिवसांची होती. ती संपायच्या आधी पुन्हा लग्न करायचं नाही असं हिंदू विवाह कायद्याचं कलम १५ सांगतं. मास्तरांना थोडा दम नव्हता! मांडवाची तारीख आधी धरलेली असणार.

मॅडमना फोन लावला. त्या हसल्याच. "मुदतीत केलं म्हणून लग्न रद्दबातल होत नाही. लीला गुप्ता विरुद्ध लक्ष्मी नारायण, सुप्रीम कोर्ट, १९७८. हुकूमनामा लग्नाच्या आधीचा आहे ना? मग बास. आणि नकला दोन घे, एक नको."

मावशींना मी कायदा सांगत बसलो नाही. म्हटलं, तारीख आधीची आहे. त्यांनी विचारलं, "नक्की?" मी कागद त्यांच्या हातात दिला. अक्षर लावून लावून त्यांनी ती तारीख वाचली, मग पत्रिकेवरची वाचली, मग परत कागदावरची.

नकला मिळाल्या त्या दिवशी मावशी सकाळच्या पहिल्या एसटीने आल्या होत्या. नकलेच्या पाठीवर शिक्का असतो, अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. ते सगळं तपासून घेतलं, कारण कार्यालयातला बाबू आधी पाठ बघतो. मग बाहेर झेरॉक्सच्या टपरीवर गेलो. गर्दी होती. पोराने कागद घेतला, काचेवर ठेवायच्या आधी सवयीने त्यावर नजर टाकली आणि ओठ हलवत वाचायला लागला. मावशींनी हात पुढे करून सामनेवालीच्या नावावर पंजा ठेवला.

"त्याची काय गरज?" मी म्हटलं. "कार्यालयात तर ते नाव दिसायलाच पाहिजे."

"तिथं दिसू दे," त्या म्हणाल्या. "हितं नको."

पोराने कागद उपडा करून काचेवर ठेवेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.