नकाशावरची रेघ आणि दारातला वारा

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ कोकणात न शिरता किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत गुजरातेत धडकले, तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंबा बागायतदारांना त्याचा फटका बसलाच. म्हणून हवामान खात्याच्या नकाशातली, वादळाच्या केंद्राचा अंदाजे मार्ग दाखवणारी मधली रेघ आपल्यापासून लांब आहे एवढ्यावर निश्चिंत राहणे मला धोक्याचे वाटते. तिच्याभोवतीचा रुंदावत जाणारा पट्टा वादळाचे केंद्र कुठे असू शकेल एवढेच सांगतो, वाऱ्याचा घेर मात्र त्याच्याही बाहेर पोहोचतो. असे वादळ समुद्रातून उत्तरेकडे जाताना आपल्याकडचा वारा आधी पूर्वेचा, मग दक्षिणेचा आणि शेवटी नैर्ऋत्येचा होतो. वीज आणि मोबाइलचे टॉवर बंद पडल्यावर (ते पडतातच) परड्यातल्या माडांच्या झावळ्या कुठल्या दिशेला ओढल्या जात आहेत, यावरून केंद्र कुठवर सरकले याचा अंदाज बांधता येतो.