तालुक्याच्या दुकानातल्या सामानात ओव्हरड्राइव्ह पेडल

टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बास-ट्रेबलच्या बोर्डासाठी ४५५८ आयसी ठेवलेलीच असते. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या इबानेझच्या टीएस८०८ या ओव्हरड्राइव्ह पेडलमध्येही हीच आयसी आहे, म्हणून तसे पेडल याच सामानातून घरी बनवता येते. तिच्या जुन्या जपानी लॉटवरून नेटवर बरीच भक्ती चालते, तिच्या नादी लागू नका. ४५५८ नसेल तर टीएल०७२ लावा, पिना सारख्याच. आवाज ठरतो तो दुसऱ्याच जागी: पिन २ वरून ग्राउंडला जाणारा ४.७ केचा (किलोओहमचा) रेझिस्टर आणि त्याच्या सिरीजमधला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

ही जोडी साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, उतरवत नेते. जाड तारांचा बास लाट कापून आवाज फाडणाऱ्या डायोडपर्यंत कमी पोहोचतो आणि मधले सूर पुढे येतात. कपॅसिटर ०.१ चा लावला तर ही हद्द ३४० हर्ट्झच्या आसपास येते. घरी एकटे वाजवताना बरे वाटते, ढोलक-कीबोर्डसोबत मात्र सगळे गढूळ. ०.०२२ ने ती १५०० च्या वर जाते आणि आवाज किरकिरा होतो. म्हणून इथे तडजोड नको, ‘४७३’ (म्हणजे ०.०४७) छापलेला पॉलिएस्टरच मागा. रेझिस्टरचे पट्टे उजेडात बघा: पिवळा-जांभळा-लाल म्हणजे ४.७ के, पिवळा-जांभळा-नारिंगी म्हणजे ४७ के. चुकून ४७ के लागला तर ड्राइव्हचे (फाटणे वाढवायचे) बटण पूर्ण फिरवूनही गेन १२ च्या आसपासच अडतो. पेडल चालते, पण फाटत नाही, आणि माणूस उगाच आयसी बदलत बसतो.

आता जोडणी. इनपुटवरून १० के, पुढे ०.०४७ चा कपॅसिटर, मग पिन ३. पिन ३ वरून १ मेग अर्ध्या व्होल्टेजला आणि १०० पीएफ (पिकोफॅरड) ग्राउंडला. हा छोटा कपॅसिटर नसेल तर मीडियमवेव्हचे स्टेशन गिटारमधून बोलू शकते. अर्धे व्होल्टेज प्लस आणि ग्राउंडमध्ये सिरीजने लावलेल्या दोन १० केच्या मधून काढायचे, तिथून ४७ मायक्रोफॅरड ग्राउंडला. पिन १ आणि २ च्या मध्ये ४७ के आणि ५०० केचा ड्राइव्ह पॉट (बटणाने फिरणारा रेझिस्टर) सिरीजमध्ये, त्यांना समांतर ४७ पीएफ, आणि एकमेकांना उलटे लावलेले दोन ४१४८ डायोड. मूळ पेडलमध्ये इथे ५१ के आणि ५१ पीएफ आहेत. कानाला फरक कळत नाही. सिरॅमिकवर ‘४७०’ छापलेले असले तर तो ४७ पीएफच, ‘४७१’ म्हणजे ४७० पीएफ. तो चुकून लागला तर ड्राइव्ह वाढवताच आवाजावर गोधडी पडते.

पिन १ वरून १ के पिन ५ ला. पिन ५ वरून ०.२२ ग्राउंडला आणि १० के अर्ध्या व्होल्टेजला. टोनचा २० के पॉट पिन ५ आणि ६ च्या मध्ये. त्याच्या मधल्या टोकावरून २२० ओहम व ०.२२ सिरीजमध्ये ग्राउंडला. पिन ७ वरून ६ ला १ के. पिन ७ वरूनच १ मायक्रोफॅरड, मग १०० केचा व्हॉल्यूम. पिन ८ ला ९ व्होल्टचा प्लस, पिन ४ ला ग्राउंड. २० के सहज मिळत नाही, २२ किंवा २५ के चालतो.

डायोडमध्ये खेळायला जागा आहे. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक लावला की लाट असमान कापली जाते. लाल एलईडी लावल्या तर आवाज मोठा आणि मोकळा होतो, पण फाटायला जोरात वाजवावे लागते. जुन्या रेडिओतला ओए७९ जर्मेनियम डायोड मात्र आपल्याकडे डोकेदुखी. उष्णतेने त्याचा लीकेज वाढतो, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकला की गेन ढिला पडलेला जाणवतो. सिलिकॉनचे व्होल्टेज अंशाला साधारण २ मिलीव्होल्टच घसरते, त्याने काही बिघडत नाही.

सोल्डरिंग कृषिपंप सुरू असताना करू नका. व्होल्टेज १७० वर आले की २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री जेमतेम १४ वॅटची उरते, कथील गोळ्यासारखे बसते आणि ड्राय जोड राहतो. आयसी बेसमध्येच लावा. सुरू केल्यावर पिन १, ५ आणि ७ वर पुरवठ्याच्या निम्मे व्होल्टेज दिसले पाहिजे. पिन १ वरती किंवा खाली चिकटली असेल तर आधी पिन २ चे जोड आणि आयसीची खाच तपासा. पिन ३ सुईच्या मीटरने मोजू नका, १ मेगमुळे खोटेच कमी दिसते.

इनपुटला स्टिरीओ पी-३८ (गिटारच्या जाड पिनेचे) सॉकेट लावून बॅटरीचा मायनस त्याच्या रिंगवर द्या, गिटारची पिन काढली की बॅटरी बंद. नऊ टोकांचा फूटस्विच नागपूरला सीताबर्डीवर बघा, नाहीतर ऑनलाइन. त्याच्या एका टोकावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त इस्त्री टेकवली तर आतले प्लास्टिक वितळते. दाबताना ठक वाजत असेल तर इनपुट कपॅसिटरच्या अलीकडून १ मेग ग्राउंडला द्या. पूर्ण ड्राइव्हला शिट्टी येत असेल तर इनपुट आणि आउटपुटच्या वायरी शेजारून गेल्यात. इनपुटला शील्डेड वायर घ्या.

डबा धातूचाच हवा. स्विचबोर्डचा जीआय बॉक्स उलटा करून चालतो, बाजूची मोठी भोके पत्र्याने बंद करा. अडॅप्टरचे सॉकेट मात्र प्लास्टिकचे घ्या. पेडलच्या रिवाजाप्रमाणे मध्ये मायनस असतो, म्हणजे बाहेरच्या कड्यावर प्लस. ते कडे डब्याला टेकले की सरळ शॉर्ट. सेटटॉप बॉक्सच्या अडॅप्टरला बहुधा उलटे, मध्ये प्लस असते, म्हणून प्लसच्या वाटेत एक ४००७ डायोड सिरीजमध्ये टाका. ०.७ व्होल्ट जातात, पेडल वाचते. १२ व्होल्टही आयसीला सोसतात, फक्त इलेक्ट्रोलिटिक २५ व्होल्टचे हवेत. मंडपात जनरेटर असेल तर सरळ बॅटरी लावा, एलईडी धरून ५-६ मिलिअँपिअरच लागतात.

भजन मंडळाच्या अँप्लिफायरला किंवा भोंग्याला जोडून पेडल माशीसारखे भणभणते, तो पेडलचा दोष नाही. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचे स्वतःच गाळतो, मंडपातला स्पीकर गाळत नाही. १ मायक्रोफॅरड आणि व्हॉल्यूमच्या मध्ये १० के घाला आणि व्हॉल्यूमच्या वरच्या टोकावरून ‘३३२’चा कपॅसिटर ग्राउंडला द्या. त्याला छोटा स्लाइड स्विच ठेवा, कारण खऱ्या गिटार अँपवर तोच कपॅसिटर आवाज दाबून टाकतो.