रोममधलं शिक्षण, काँगोच्या फादरांच्या शेजारी

रोममध्ये शिकायला आलेल्या धर्मगुरूची पहिली गाठ पडते ती पोस्टाशी. इटलीत उतरल्यापासून कामाच्या 8 दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज पोस्टात द्यावा लागतो. सिगारेटच्या दुकानातून 16 युरोचं मुद्रांकाचं तिकीट आणायचं, पासपोर्टच्या पानापानाची झेरॉक्स जोडायची, पाकीट मात्र न चिकटवता न्यायचं. मग दिलेल्या तारखेला पोलिसांकडे बोटांचे ठसे. वसईहून निघताना यातलं काही ठाऊक नव्हतं. सांगितलं ते जानिकुलम टेकडीवरच्या सेंट पीटर कॉलेजात माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या काँगोच्या फादरांनी.

आशिया-आफ्रिकेतले धर्मगुरू या कॉलेजात राहून रोमच्या विद्यापीठांत शिकतात. आमच्या शिष्यवृत्तीमागची संस्था 1889 साली फ्रान्समध्ये जान बिगार्ड आणि तिच्या आईनं सुरू केली, तीही नागासाकीच्या बिशपांनी सेमिनरीतल्या, म्हणजे धर्मगुरू व्हायला शिकणाऱ्या, मुलांसाठी मदत मागितल्यावर. म्हणजे जपानची गरज, फ्रान्सचे पैसे, आणि शेवटी ताटावर बसलो आम्ही!

घरी सामवेदी बोली, बाहेर मराठी, शिवाय हिंदी-इंग्रजी, त्यामुळे भाषांचं मला भय नव्हतं. हे फादर पूर्व काँगोतल्या बुकावू शहराचे. घरी 'माशी' नावाची भाषा, बाजारात स्वाहिली, सेमिनरीत फ्रेंच. फ्रेंचच्या जोरावर इटालियन त्यांनी चुटकीसरशी उचललेली. मी पेरुजात इटालियनचा कोर्स करून आलो होतो, पण ग्रेगोरियन विद्यापीठात प्राध्यापक बोलायला लागले की पहिल्या पाच मिनिटांनंतर सगळं डोक्यावरून जायचं. आणि परीक्षा तोंडी. समोर प्राध्यापक, मध्ये टेबल, दहा-पंधरा मिनिटांत सत्रभराच्या अभ्यासाचा निकाल. इंग्रजीत उत्तरं द्यायची मुभा असते. फादर म्हणाले, "ती घेऊ नका, नाहीतर कायमचे पाहुणेच राहाल."

मग रात्रीच्या जेवणानंतर बागेत फेऱ्या सुरू झाल्या. ते प्राध्यापक, मी उमेदवार. मी अडखळलो की ते घड्याळाकडे बघून खोटी जांभई द्यायचे. उत्तर पाठ केल्याचा वास आला तर मध्येच तोडून भलताच प्रश्न टाकायचे. प्रत्यक्ष परीक्षेतले प्राध्यापक त्यांच्यापेक्षा पुष्कळ मवाळ निघाले. अभ्यासमंडळं, ग्रंथालय, मार्गदर्शक यांच्याबद्दल खूप बोललं जातं, पण मला तारलं ते या फेऱ्यांनीच.

एका रविवारी ते मला काँगोच्या लोकांच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला, घेऊन गेले, पियात्सा नवोना या चौकाजवळच्या चर्चमध्ये. त्यांचा उपासनाविधी रोमनं 1988 साली मान्य केला आहे. सुरुवातीला संतांबरोबर पूर्वजांनाही हाक मारतात. पापांची क्षमायाचना प्रवचनानंतर येते. वेदीभोवती नाचत फिरतात. दोन तास कसे गेले कळलं नाही. मिशनशास्त्राच्या, म्हणजे धर्मप्रसाराच्या अभ्यासाच्या, वर्गात 'स्थानिक संस्कृतीशी समरस होणं' यावर आम्ही पानंच्या पानं लिहीत होतो, आणि बस पकडून गेलं की ते समोर दिसत होतं. वसईतली आमची मराठी मिस्सा त्या मानानं फारच शिस्तीची वाटते, हे माझं मत.

उन्हाळ्यात बरेच जण जर्मनीला जातात. तिथले धर्मगुरू सुट्टीवर गेले की गावची मिस्सा आमच्यातला कुणीतरी सांभाळतो. मानधनातून पुस्तकं येतात, विमानाचं तिकीटही निघतं. अट एवढीच की परवान्याचं कार्ड हातात हवं. विद्यार्थ्याला ते दरवर्षी नवं करावं लागतं, आणि नूतनीकरण चालू असताना मिळते ती पोस्टाची पावती. तिच्यावर दुसऱ्या युरोपीय देशात जाता येत नाही. मला एकदाच जर्मनीतलं बव्हेरिया गाठता आलं. चर्चमध्ये बहुतेक माणसं सत्तरी ओलांडलेली. एका आजीबाईंनी माझ्या जर्मन प्रवचनाचा कागद आधीच मागून घेतला, लांबलचक शब्द पेन्सिलीनं तोडून दिले, आणि स्वतः पहिल्या बाकावर बसून ओठ हलवत राहिल्या.

प्रबंध मान्य झाला, मी परतलो. आता माझ्याकडे एक धर्मग्राम (पॅरिश) आणि पटसंख्या घसरत चाललेली मराठी शाळा आहे. मिशनशास्त्राला त्यावर उत्तर नाही. काँगोचे फादर माझ्याआधीच परतले होते. फेब्रुवारी 2025 मध्ये एम-23 बंडखोरांनी बुकावू ताब्यात घेतलं, तेव्हा काही दिवस त्यांच्याशी संपर्कच नव्हता. आता इटालियनमध्ये व्हॉइस मेसेज येतात. आधी बाजारातले भाव सांगतात, कोण गाव सोडून गेलं ते सांगतात, मग शाळेचा पट विचारतात. यंदाही तो कमीच झाला आहे.