पाय स्लो

२६ जून २०२५, गुरुवार

झोप झालेली नाहीये, डोळे चुरचुरतायत, पण आत्ता लिहिलं नाही तर उद्या मी सगळं स्वतःच्या सोयीनं आठवणार, म्हणून लिहून टाकतो. आज एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट होता, टीमांनी नंबरानं एकेक नवा खेळाडू निवडायचा तो कार्यक्रम, आणि त्यात आमच्या पोर्टलंडनं सोळाव्या पिकवर (निवडीवर) यांग हान्सेनला घेतलं. चिनी पोरगा, ७ फूट १ इंच, जेमतेम वीस वर्षांचा, चिंगदाओच्या टीमकडून खेळायचा. बहुतेक मॉक ड्राफ्टमध्ये (ड्राफ्टआधीच्या अंदाजांमध्ये) तो थेट दुसऱ्या फेरीत होता, काहींमध्ये तर त्याहून खाली. नाव घेतलं गेलं आणि मी एकदम गप्प, आणि फोनवर दादा असा हसला की मला मोबाईल कानापासून लांब धरावा लागला.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, कॉलेजला सेंटर (बास्केटजवळ खेळणारा सगळ्यात उंच गडी) खेळायचा, गुडघा गेला आणि खेळणं सुटलं. त्याचं एकच तत्त्व, उंच पोरगा दिसला की घ्यायचा. "बाकी सगळं शिकवता येतं रे, उंची काय क्लास लावून येते का?" हे वाक्य मी दरवर्षी जून महिन्यात किमान दहा वेळा ऐकतो. माझं म्हणणं उलटं. टीममध्ये आज कुठली जागा रिकामी आहे ते बघूच नका, त्या नंबरवर जो सगळ्यात चांगला खेळाडू उरलाय तो घ्या, कारण भोक आजचं असतं आणि पोरगा खरा खेळायला लागतो तीन वर्षांनी, तोवर निम्मी टीम बदललेली असते.

तर आमची एक वही आहे. दोनशे पानी, साधी. ड्राफ्टच्या आधी दोघांनी आपापलं नाव सांगायचं, मी ते पेनानं लिहायचं, शेजारी एका ओळीत कारण. पेन्सिल चालणार नाही हा दादाचा नियम. त्याच्या मते ड्राफ्टनंतर शहाणा झालेला माणूस जगातला सगळ्यात डेंजर माणूस असतो, आणि इथे मी त्याच्याशी शंभर टक्के सहमत आहे.

या वर्षी वर फारसं भांडण नव्हतंच. डॅलसला १.८ टक्के चान्स असताना पहिल्या पिकची लॉटरी लागली, या वर्षीचा सगळ्यात चांगला पोरगा कूपर फ्लॅग त्यांचा, विषय संपला. (फेब्रुवारीत ज्यांनी आपल्या स्टार डॉनचिचला हातानं दुसऱ्याच्या घरी पोचवला त्यांनाच जूनमध्ये फ्लॅग, यावर मी एक अक्षर लिहिणार नाही, बीपी वाढतं.) तिसऱ्या नंबरला फिलाडेल्फिया एस बेलीला घेणार की एजकोंबला यावर थोडी चर्चा झाली, बेलीनं त्यांच्याकडची वर्कआउटची भेटच रद्द केली होती, त्यांनी एजकोंब घेतला, बेली पाचव्यावर युटाला गेला. ठीक.

आमचं खरं भांडण अकराव्या पिकचं. पोर्टलंडचा सीझन ३६ विजय ४६ पराभव, म्हणजे धड वाईट नाही की वर यायला पुरेसं नाही, आणि अशाच टीमला ड्राफ्ट सगळ्यात जड जातो. मी लिहिलं: सेड्रिक कावर्ड. लांब हात, शूटिंग स्वच्छ, आणि त्याची गोष्ट मला भारी आवडलेली. पोरगा सुरुवातीला तिसऱ्या डिव्हिजनच्या, म्हणजे कॉलेज खेळातल्या खालच्या पातळीच्या, विलॅमेट कॉलेजमध्ये खेळायचा, ते सेलममध्ये, म्हणजे ओरेगनमध्येच, पोर्टलंडच्या जवळ. तिथून ईस्टर्न वॉशिंग्टन, तिथून वॉशिंग्टन स्टेट, तिथे सहा मॅच खेळून खांदा गेला आणि सीझन संपला. सहा मॅचच्या जोरावर अकरावा पिक मागायचा म्हणजे दादाच्या भाषेत "ट्रेलर बघून पिक्चरची सगळी तिकिटं काढणं". त्यानं काय लिहिलं? "जो सगळ्यात उंच उरेल तो." मी म्हटलं नाव सांग. म्हणाला तो चिनी लिही.

मी अक्षरशः हसलो. अरे पोर्टलंडकडे एटन आहे, रॉबर्ट विल्यम्स आहे, मागच्याच वर्षी सातव्या नंबरवर क्लिंगन घेतलाय, तीन सेंटर असताना चौथा कशाला, टीम उभी करायचीय की मांडव? आणि यांगच्या नावापुढे मी माझं मत पण लिहून ठेवलं, दोन शब्दांत. "पाय स्लो."

मग सकाळी काय झालं. अकरावा पिक आला, पोर्टलंड, सेड्रिक कावर्ड! मी खुर्चीतून उठलोच, दादाला जे काय बोलायचं ते बोललो, आणि तेवढ्यात ट्रेडची, म्हणजे अदलाबदलीची बातमी. कावर्ड मेंफिसला. बदल्यात सोळावा पिक, २०२८ चा पहिल्या फेरीचा एक पिक (तो मुळात ऑर्लँडोचा) आणि दुसऱ्या फेरीचे दोन. काही मिनिटांचा आनंद होता तो. या ड्राफ्टची ही गंमत मला अजून पचत नाही, नाव एका टीमनं पुकारायचं, पोरगा दुसरीकडेच जायचा, आणि ट्रेड कागदावर पक्का होईपर्यंत टोपी मात्र पुकारणाऱ्याचीच घालून फोटो काढायचा. डॉनचिचचा २०१८ चा फोटो आठवतो का, अटलांटाची टोपी. एक दिवस पण खेळला नाही तिथे.

आणि डॉनचिचचं नाव डोक्यात आलं म्हणून मी वही मागे चाळली. तिथेच माझी वाट लागली.

२०१८ चं पान. पहिला पिक फिनिक्सचा होता. दादा: एटन. साहजिक, सात फूट. मी: एटन. हो, मी पण! मला पूर्ण खात्री होती की मी डॉनचिच लिहिलं होतं, गेली कित्येक वर्षं मी लोकांना तसंच सांगत आलोय, चारचौघांत मिरवलंय, आणि पानावर माझ्याच अक्षरात एटन. शेजारी डॉनचिचला न घेण्याचं कारण, दोन शब्द. "पाय स्लो."

तेच शब्द. तेच अक्षर. फक्त तेव्हा 'स्लो' खाली रेघ पण मारलीय, शहाणपणाची.

म्हणजे काय की १९ वर्षांचा पोरगा रेआल माद्रिदकडून युरोलीग, म्हणजे युरोपातली सगळ्यात मोठी क्लब लीग, जिंकतो, त्या लीगचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) होतो, मोठ्या बाप्यांमध्ये खेळून, आणि मी इथे बसून त्याचे पाय बघतोय. आणि एटन पुढे कुठे आला? पोर्टलंडमध्येच. फिरून फिरून माझ्याच अंगणात येऊन पडला, आमचा स्टार लिलार्ड गेला त्या तीन टीमच्या ट्रेडमधून. नियतीला पण वही ठेवायची सवय असावी.

मी दादाला फोटो पाठवला त्या पानाचा. म्हटलं कबूल. मला वाटलं तो आता डोक्यावर बसणार, पण तो उलट गंभीर झाला. म्हणाला, "अरे पण पाय स्लो असलेले किती आले आणि किती गेले, त्यातला एक डॉनचिच झाला, एक योकिच झाला, बाकीच्यांची नावं सांग बरं." मला एकही सांगता आलं नाही. योकिच, पुढे लीगमधला सगळ्यात भारी सेंटर झालेला, २०१४ मध्ये ४१ वा गेला, टीव्हीवर त्या वेळी जाहिरात चालू होती, म्हणजे त्याच्या आधी चाळीस वेळा टीमांनी दुसरंच कुणीतरी निवडलं, काहींनी तर दोन-दोनदा. आता प्रत्येक जाड, हळू, छान पास देणारा सेंटर दिसला की म्हणायचं हा नवा योकिच, यांगला पण म्हणतायतच. त्याच्या आधीच्या काळात प्रत्येक उंच युरोपियन पोराला नवा नोविट्स्की (डॅलसचा उंच जर्मन स्टार) म्हणायचे आणि त्या नादात २००३ मध्ये डेट्रॉइटनं दुसऱ्या नंबरवर डार्को मिलिचिच घेतला, मागून कार्मेलो, बॉश, वेड एकामागोमाग एक गेले. गंमत म्हणजे डेट्रॉइट पुढच्याच वर्षी चॅम्पियन झालं. मग त्या पिकला काय म्हणायचं? चूक म्हणायची तर ट्रॉफी समोर आहे.

मग गाडी नेहमीप्रमाणे २००७ वर आली. पोर्टलंडचा कुठलाही चाहता दहा मिनिटांच्या वर ड्राफ्टबद्दल बोलला की तिथे पोचतोच, ओडेन की ड्युरंट. पहिल्या नंबरवर पोर्टलंडनं ओडेन हा सेंटर घेतला, ड्युरंट दुसऱ्यावर गेला आणि मोठा स्टार झाला. लोक आता असं बोलतात जणू पोर्टलंडच्या ऑफिसात सगळे झोपले होते. मी आज परत ओडेनची फायनल बघितली, ओहायो स्टेट विरुद्ध फ्लोरिडा. समोर नोआ आणि हॉरफर्ड, दोघंही पुढे एनबीएत गाजलेले, आणि हा पहिल्या वर्षाचा पोरगा २५ पॉइंट, १२ रिबाउंड. मॅच हरले पण बघताना सारखं वाटतं की या मुलाच्या आजूबाजूची हवाच जड आहे, ड्राइव्ह करत आत आलेला गार्ड (बाहेरून बॉल आणणारा गडी) त्याला बघून मधेच विचार बदलतो. त्या सीझनच्या आधी उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं होतं म्हणून फ्री थ्रो डाव्या हातानं मारायचा! आणि दुसरीकडे ड्युरंट, टेक्ससला मॅचमागे पंचवीसच्या वर पॉइंट, पण ड्राफ्टआधीच्या चाचणीत ८४ किलोचा बार बेंच प्रेसला एकदाही उचलला नाही. एकदाही. दादा म्हणतो मी तेव्हा त्या खुर्चीत असतो तर ओडेनच घेतला असता, आणि मी पण. पोर्टलंडकडे रॉय होता, ऑल्ड्रिज होता, फक्त मधला खांब हवा होता.

सप्टेंबरमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन. पहिलं वर्ष पूर्ण गेलं. पोर्टलंडकडून सगळे सीझन मिळून ओडेन खेळला ८२ मॅच. एनबीएच्या एका सीझनमध्येच ८२ मॅच असतात.

आणि त्याच्याही आधी १९८४. पहिल्या पिकसाठीची नाणेफेक पोर्टलंड ह्यूस्टनशी हरलं, ओलाजुवॉन गेला, दुसऱ्या नंबरवर सॅम बोवी, तिसऱ्यावर जॉर्डन. इथे सगळे म्हणतात गरज बघितली म्हणून फसले, आदल्या वर्षी ड्रेक्सलर घेतलेला, पॅक्सन होता, गार्ड नको होता, सेंटर हवा होता. माझा तर हा हुकमी एक्का, बघा, भोक बुजवायला गेलं की असं होतं. पण आज दादानं तो एक्काच काढून घेतला. बोवीच्या नडगीला कॉलेजमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर झालं होतं, दोन सीझन बाहेर होता, पोर्टलंडनं त्याची तासन्‌तास तपासणी केली, पायावर ठोकून विचारलं दुखतंय का, आणि तो नाही म्हणाला. दुखत होतं, हे त्यानं स्वतःच खूप वर्षांनी सांगितलं. "मग सांग," दादा म्हणाला, "यात तुझी थिअरी कुठे आणि माझी कुठे? हाडाची गोष्ट आहे ही."

मी थोडा वेळ काहीच बोललो नाही. कारण त्याच्या तोंडून हे ऐकणं वेगळं. त्यानं पण एकदा सिलेक्शनच्या वेळी "नाही दुखत" म्हटलं होतं. मला माहितीये, मी तिथे होतो, बॅग सांभाळत बसलेलो. वॉर्मअपला तो उजव्या पायावर उडी मारतच नव्हता, सगळं डावीकडून, आणि लेअपच्या रांगेत प्रत्येक वेळी हळूच मागे सरकायचा. घेतलं त्याला टीममध्ये. चार मॅच.

तर आम्ही जे भांडतो, सर्वोत्तम खेळाडू की रिकामी जागा, विंगस्पॅन (पसरलेल्या हातांची लांबी), टक्केवारी, क्लिप्स, ते सगळं अर्ध्या फाईलवर. उरलेली अर्धी फाईल डॉक्टरकडे, नाहीतर त्या पोराच्या स्वतःच्या पोटात. कावर्डचा खांदा खरंच कसा आहे ते मेंफिसच्या डॉक्टरनी बघितलं असेल, मी नाही बघितलेला. आणि टीमला तर पहिल्या फेरीत घड्याळ लावून पाच मिनिटं मिळतात. मला वर्षभर मिळालं तरी मी लिहितो काय, पाय स्लो.

असो, याचा अर्थ यांगचा पिक मला पटला असं नाही हं. चौथा सेंटर तो चौथा सेंटर. २०२३ मध्ये तिसऱ्या नंबरवर स्कूट हेंडरसन घ्या असं मी लिहिलं होतं, दादानं लिहिलं होतं पिक विकून लिलार्डला जोडीदार आणा, त्यांनी स्कूट घेतला, जुलै उजाडला तसा लिलार्डनं ट्रेड मागितला, आणि स्कूट दुसऱ्या वर्षी बहुतेक वेळ बेंचवरून आला. त्या पानावर आम्ही अजून कुणालाच मार्क दिलेले नाहीत. पोरगा २१ चा आहे. दादा म्हणतो थांब. मी म्हणतो थांबतोच आहे.

आजच्या पानावर कावर्डच्या नावापुढे मी लिहिलं "बरोबर, काही मिनिटांपुरतं". दादाला ते मान्य नाही, त्याच्या मते पोर्टलंडनं ठेवला नाही म्हणजे शून्य. यांगच्या पुढचं "पाय स्लो" खोडू का विचारलं तर म्हणाला, पेन आहे, राहू दे.

एक नवीन पान केलं मात्र. २०२८, ऑर्लँडोवाला पिक. हिशोब केला तर तो पिक ज्याच्यावर जाईल तो पोरगा आज कुठेतरी नुकताच दहावी संपवून सुट्टीत असेल. दादाला सांगितलं तर लगेच विचारतो, "उंच आहे का?"