पोत्यांमागचा मुलगा

नववीत असताना एका पावसाळी दुपारी इंग्रजीच्या सरांनी पुस्तक मिटलं आणि चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ या कादंबरीची गोष्ट मराठीतच सांगायला घेतली. वर्कहाऊस म्हणजे इंग्लंडमध्ये निराधार गरिबांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घ्यायची जागा. तिथली पोरं. दिवसातून तीनदा पातळ पेज, आठवड्यातून दोनदा एक कांदा, रविवारी अर्धा पाव. वाडगे धुवावेच लागत नसत, कारण पोरं ते चमच्याने खरवडून लख्ख करायची. चिठ्ठ्या टाकल्या, ऑलिव्हरचं नाव निघालं आणि त्याने आणखी पेज मागितली. त्यासाठी त्याला कोंडून घातलं. त्याला कुणी घेऊन जावं म्हणून दारावर ५ पौंडांचं बक्षीस लावलं.

ही कादंबरी १८३७पासून क्रमशः छापून येऊ लागली, तेव्हा १८३४चा गरिबांसाठीचा कायदा नवाच होता. वर्कहाऊसमधलं जिणं बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षाही हलाखीचं असावं, हे त्यामागचं धोरण. म्हणजे ती भूक मोजूनमापून वाढलेली होती. ऑलिव्हर शेवटी सधन घरचा निघतो, हे मात्र मला आजही पटत नाही. चिठ्ठ्या टाकणाऱ्या बाकीच्या पोरांचं काय?

मग सरांनी डिकन्सचं सांगितलं. १८२४मध्ये वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात, आठवड्याला सहा शिलिंगांवर. डबीवर आधी तेलकागद, त्यावर निळा कागद, दोरीची गाठ, कडा कातरून सारख्या करायच्या आणि लेबल चिकटवायचं. पुढे त्याला खिडकीशी बसवलं, तेव्हा येणारे-जाणारे थांबून बघायचे. एवढा मोठा लेखक झाला, पण हयातीत त्याने हे लोकांना कळू दिलं नाही. १८७०मध्ये तो गेल्यावर मित्र जॉन फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रातून ते बाहेर आलं.

माझ्या घशात आवंढा आला. शाळा सुटली की मी किराणा दुकानात पुड्या बांधायचो आणि वर्गातलं कुणी दिसलं की तांदळाच्या पोत्यांमागे जाऊन बसायचो. तास संपल्यावर स्टाफरूमच्या दारात सरांना हे सांगितलं. घरच्यांशिवाय कुणाला पहिल्यांदाच.

सर काही बोलले नाहीत, नुसता खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दुकानात आले आणि मालकांच्या देखत मला नावाने हाक मारून म्हणाले, “पाव किलो साखर दे रे. घाई नाही, नीट बांध.”

मागे रांगेत वर्गातली दोघं उभी होती. मी पुडीला दोरा गुंडाळत राहिलो.