दोरी कधी सोडायची

दत्तजयंतीला सारंगखेड्याला, तापीकाठच्या यात्रेत, लोक घोड्याचे दात बघून वय काढतात. मी ओठांचे कोपरे आणि हिरडी बघतो. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी हिरडी असते, तिथे लगामाची कडी बसते. तिथे वण दिसले की समजायचं, जनावर काटेरी कडीवर तयार केलंय. या कडीला जनावरांचा छळ रोखणाऱ्या १९६५च्या नियमांनी बंदी आहे, पण अजून ती सापडते.

आमची घोडी चंद्री, मारवाडी जातीची, तिसऱ्या वर्षात आहे. घेतली तेव्हा तोंड अगदी साफ होतं, पण लाडानं पार बिघडलेली. येईल त्याच्या खिशात तोंड घालणार, चालताना खांद्यानं ढकलणार. तीन-साडेतीनशे किलोच्या जनावराचं हे प्रेम माणसाचा पाय मोडू शकतं.

ती अंगावर आली की मी जागचा हलत नाही. मोरकीची, म्हणजे कडी नसलेल्या तोंडपट्ट्याची, दोरी तिच्या छातीच्या दिशेनं धरतो. हिसका नाही, ओरडणं नाही, पण सोडतही नाही. ती मान ताणते, शेपूट झटकते. माझा हात तेवढाच. मग पुढचा एक खूर मागे जायला उचलला जातो, आणि तो जमिनीला टेकायच्या आत मी दोरी ढिली करतो. सगळं शिक्षण त्या ढिलाईत आहे. ‘आणखी एक पाऊल’ म्हणून ताण तसाच ठेवला, तर मागे सरून काही मिळत नाही एवढंच ती शिकेल. मग पुढच्या वेळी जोर वाढवावा लागतो, आणि काटेरी कडीपर्यंत माणूस असाच पोचतो. अहो, माशी बसली तरी घोड्याची कातडी थरथरते, त्याला जोर कशाला हवा?

आमचा पुतण्या मात्र आज तिला खिसा हुंगू देतो, हसतो. उद्या चावली की थोबाडीत देतो. घोडीनं यातून काय समजायचं? खरारा करायला येणारे चाचा त्याला म्हणाले, “खिशात गूळ ठेवू नको बेटा, घोडी खिशाला ओळखते, माणसाला नाही.” आता गूळ बादलीत पडतो, तोही ती दोन पावलं लांब उभी राहिली तरच.

पाठीवर अजून वजन दिलेलं नाही. हाडं पक्की होऊ देत, चौथं लागलं की खोगीर. गावात विचारतात, नाचते का? नाही. थांबते, मागे सरते, मागितला की खूर देते. नालबंद खूश आहे.