इंजेक्शन मिळालं, टोचायला कोणी मिळेना

टेस्टोस्टेरॉन (पुरुषांचं हार्मोन) कोणत्या मार्गाने घ्यायचं, हे मी आणि डॉक्टरांनी एकाच भेटीत ठरवलं. पण आणलेलं इंजेक्शन टोचणार कोण, हे शोधता शोधता जीव मेटाकुटीला आला. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मागचं थोडक्यात. माझ्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ होती, ती नाकातून ऑपरेशन करून काढली. गाठ कॅन्सरची नव्हती, पण तिच्या दाबाने ग्रंथीचं काम मंदावलं ते कायमचं. पिट्युटरीकडून एलएच, म्हणजे वृषणांना कामाला लावणारं हार्मोन, आलंच नाही तर वृषणं टेस्टोस्टेरॉन बनवत नाहीत. दाढी विरळ झाली, जिना चढताना मांड्या भरून यायच्या, कशातच मन लागेना. पुण्याच्या एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनच्या डॉक्टर) मॅडमनी दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला लावलं. टेस्टोस्टेरॉनची पातळी 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खूपच खाली. (दुपारी रक्त देऊ नका. सकाळी पातळी सगळ्यात जास्त असते आणि निदान त्यावरच होतं.)

सुरुवात जेलने झाली. रोज अंघोळीनंतर 5 ग्रॅमचं पाकीट फोडून खांद्यांना आणि दंडांना चोळायचं, वाळू द्यायचं, मग शर्ट घालायचा. गुण चांगला आला. पण आमची मुलगी लहान आहे आणि तिला माझ्या खांद्यावरच झोप लागते. हे जेल त्वचेवरून दुसऱ्याला लागू शकतं. लहान मुलांमध्ये त्यामुळे वयाआधीच वयात येण्याची लक्षणं दिसली, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) 2009 मध्ये पाकिटावर ठळक इशारा छापायला लावला. हात साबणाने धुवून, शर्ट घालून काळजी घेता येते, पण लेक खांद्यावर आली की माझ्या पोटात गोळा यायचा. मी मॅडमना सांगितलं, मला हे नको.

कॅप्सूल आहेत, पण त्या तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घेतल्या तरच नीट शोषल्या जातात आणि रोज घ्याव्या लागतात. सस्टॅनॉन 250 हे इंजेक्शन दर दोन-तीन आठवड्यांनी घ्यायचं. टोचल्यावर पातळी एकदम वर जाते आणि पुढच्या वेळेपर्यंत खाली येते, त्याबरोबर मनही खालीवर होतं. त्यात शेंगदाण्याचं तेल असतं, तेव्हा शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. मग राहिलं टेस्टोस्टेरॉन अनडिकॅनोएट हे जास्त दिवस टिकणारं इंजेक्शन: 1000 मिलिग्रॅम, 4 मिली, एरंडेलात विरघळवलेलं. पहिल्यानंतर दुसरं सहा आठवड्यांनी, पुढे दर 10 ते 14 आठवड्यांनी. हेच ठरलं.

आमच्या साताऱ्यात मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचून भरल्या दुकानात विचारलं, "जिमचं आहे का?" मी म्हटलं, "पिट्युटरीचं ऑपरेशन झालंय." त्यावर त्याने चिठ्ठी परत दिली. दुसऱ्या दुकानातून मागवून घेतलं.

आता टोचायचं. नेहमीच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला, "साहेब, बाहेरून आणलेलं इंजेक्शन आम्ही देत नाही." दुसरीकडे सिस्टर तयार होती, पण 4 मिली आणि तेल म्हटल्यावर तिने डॉक्टरांकडे बोट दाखवलं आणि डॉक्टर दिवसभर नव्हते. मग मोठ्या हॉस्पिटलात गेलो. केस पेपर काढला. इंजेक्शन रूममध्ये सांगितलं, आमच्या डॉक्टरची सही आणा. ओपीडीत रांग लावली. डॉक्टर म्हणाले, हा माझा पेशंट नाही, मी कशी सही करू? बरं, नवा पेशंट म्हणून तपासा. तपासलं, सही दिली. परत इंजेक्शन रूम. आता म्हणाले, औषध आमच्याच फार्मसीतून घेतलेलं हवं. फार्मसीत ते औषध ठेवतच नाहीत! मागवून द्या म्हटलं, तर एकासाठी मागवत नाही. परत वर गेलो. "नियम आहे." कुणाचा, कशासाठी, एकाने सांगितलं नाही. कपाळमोक्ष करून घ्यावा असं वाटलं. माझ्याजागी कुणी वयस्कर किंवा लाजाळू माणूस असता, तर त्याने उपचारच सोडून दिले असते, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

सावध राहण्याला कारण आहे, हे मला मॅडमनी फोनवर समजावलं. क्वचित हे तेल रक्तातून फुप्फुसात पोचतं, लगेच खोकला सुटतो, धाप लागते. कधी तीव्र अॅलर्जीही येते. म्हणून टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवायचं आणि तिथे ऑक्सिजनची सोय हवी. हे कारण तोंडावर सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी योग्य जागा शोधली असती.

अडलेलं काम मॅडमच्या एका पत्राने झालं. लेटरहेडवर औषधाचं नाव, मात्रा, कमरेत खोल स्नायूत, दोन मिनिटं लावून सावकाश, नंतर अर्धा तास देखरेख, खाली त्यांचा फोन नंबर. आणि आजाराच्या ओळीत नुसतं 'टेस्टोस्टेरॉन कमी' नाही, तर 'पिट्युटरी ऑपरेशननंतर'. हे पत्र पहिल्या भेटीतच मागून घ्या. ते वाचून एका छोट्या नर्सिंग होमच्या सर्जननी दोन मिनिटांत होकार दिला. तिथल्या सिस्टरनी बाटली बराच वेळ मुठीत धरून कोमट केली, जाड सुईने तेल ओढलं, सुई बदलली, मला पालथं झोपवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत हळूहळू दिलं. "घाई करू नका भाऊ, तेल आहे, सावकाशच जाणार." मी अर्धा तास बसलो, खोकला नाही, काही नाही. इतकं मोकळं वाटलं की बाहेर येऊन आधी बायकोला फोन केला.

पुढचं इंजेक्शन घ्यायच्या आधी, त्याच सकाळी, रक्त तपासा. अंतर वाढवायचं की कमी करायचं ते त्यावर ठरतं. हिमॅटोक्रिटही (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) बघा, ते 54 टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवतात. चाळिशी उलटली असेल तर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर टोचण्याआधी सांगायचंच.

आणि मूल हवं असेल तर यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शुक्रजंतू बनणं बंद पडत जातं, मग ते जेल असो की इंजेक्शन. माझ्यासारख्या पिट्युटरीच्या पेशंटला तेव्हा एचसीजीची (एलएचसारखं काम करणाऱ्या हार्मोनची) वेगळी इंजेक्शनं देतात. आम्हाला एकच मूल पुरे होतं, म्हणून हा प्रश्न आमच्यापुढे आला नाही.